चाळीस पौंड वाचवणारे कार्ड

गेल्या महिन्यात जर्मनीत आखेनला शिकणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, सुट्टीत आम्ही चौघी लिस्बनला चाललोय. बाबांनी येताना दिलेल्या फॉरेक्स कार्डावर थोडे युरो पडून आहेत. त्याच कार्डाने विमानाचं तिकीट काढलं तर चालेल ना?" या प्रश्नाला "चालेल" एवढे उत्तर पुरेसे होते. मी मात्र अर्धा तास बोललो आणि तिने ते मुकाट्याने ऐकून घेतले. फोन ठेवल्यावर लक्षात आले की तिने एका कार्डाविषयी विचारले होते आणि मी दुसऱ्याच कार्डाची कहाणी सांगत बसलो होतो. ती कहाणी नीट क्रमाने लिहून काढावी म्हणून हा लेख.

२००९ ते २०१३ या काळात आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहत होतो. पुण्याच्या कंपनीने प्रकल्पावर पाठवलेले, हाती मोजकी सुट्टी आणि युरोप पाहून घेण्याची घाई, अशी आमच्यासारखी अनेक मराठी कुटुंबे त्या भागात होती. स्वस्त विमान कंपन्यांची संकेतस्थळे आम्हाला तोंडपाठ असत. २०१०च्या जानेवारीत एका रात्री मुले झोपल्यावर मी एप्रिलमधल्या स्पेनच्या सहलीची तिकिटे काढायला बसलो. माणशी जाताना १२ पौंड आणि येताना १०, म्हणजे चौघांचे जाऊन-येऊन ८८ पौंड होत होते. एवढ्यात रेडिंगहून एडिंबरापर्यंत रेल्वेनेही जाता आले नसते. सामान नको, आसन निवडायचे नाही, आधी विमानात चढायचे नाही, विमा नको (हा "नको" राहण्याचा देश निवडायच्या लांबलचक यादीत कुठेतरी दडलेला असे आणि तो शोधून काढणे हे एक कौशल्यच होते), असे करत करत मी शेवटच्या पानावर पोहोचलो. तिथे कार्डांची यादी होती. जवळजवळ प्रत्येक कार्डापुढे ५ पौंड लिहिले होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत असे होते, की हे शुल्क प्रत्येक प्रवाशामागे आणि प्रत्येक उड्डाणामागे आकारले जाईल. चार माणसे, दोन उड्डाणे, म्हणून ४० पौंड. ८८चे १२८ झाले.

मला खटकला तो गुणाकार. कार्ड एकदाच चालणार होते, बँकेकडे एकच विनंती जाणार होती, एकच होकार येणार होता. डेबिट कार्डाच्या अशा एका व्यवहारासाठी त्या काळी विक्रेत्याला जेमतेम काही पेन्स पडत. मग या एका व्यवहाराचे आठ तुकडे कसे होतात आणि प्रत्येक तुकड्याला पाच पौंड कसे लागतात, हे कोणत्याही हिशेबात बसत नव्हते. त्या यादीत एकच नाव असे होते, ज्याच्यापुढे शून्य होते : मास्टरकार्ड प्रीपेड, म्हणजे आधी पैसे भरून मग वापरायचे कार्ड.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पँट्रीत कोल्हापूरकडच्या एका सहकाऱ्याला मी हे विचारले, तेव्हा तो हळहळला. "इलेक्ट्रॉन होतं तोवर बरं होतं बघा. डिसेंबरपर्यंत चालायचं. आता एक तारखेपासून सगळं बदललंय. तुम्ही ते नवं मास्टरकार्डच मागवा." व्हिसा इलेक्ट्रॉन हे साध्या, मर्यादित सोयींच्या खात्यांवर मिळणारे डेबिट कार्ड होते. प्रत्येक व्यवहाराच्या वेळी खात्यात पैसे आहेत की नाही हे तपासूनच ते चालत असे, त्यामुळे ते बहुधा शाळकरी मुलांना किंवा ज्यांना बँक ओव्हरड्राफ्ट देऊ इच्छित नसे अशांना दिले जाई. मी जिची तिकिटे काढत होतो ती रायनएअर ही आयर्लंडची विमान कंपनी २००९च्या अखेरीपर्यंत इलेक्ट्रॉनवर शुल्क घेत नव्हती. त्यामुळे चांगल्या पगाराची माणसे केवळ विमानाची तिकिटे काढण्यासाठी बँकेत जाऊन मुलांचे खाते मागू लागली. माझ्या सहकाऱ्यानेही तसे एक खाते उघडले होते. १ जानेवारी २०१०पासून कंपनीने इलेक्ट्रॉनची सवलत बंद केली आणि ती मास्टरकार्डच्या प्रीपेड कार्डाला दिली.

कंपनीला एक कार्ड फुकट ठेवण्याची गरजच काय होती, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडायला हवा होता, कारण सगळी गोम तिथेच होती. युरोपीय संघाचा हवाई सेवांविषयीचा २००८चा एक नियम आहे, क्रमांक १००८. त्यानुसार तिकिटाची जी किंमत जाहीर केली जाते, तिच्यात जे जे टाळता येत नाही ते सगळे, म्हणजे भाडे, कर, अधिभार आणि शुल्के, धरलेले असले पाहिजे. जे ऐच्छिक आहे ते मात्र वेगळे दाखवता येते. आता पैसे भरल्याशिवाय तिकीट मिळत नाही, म्हणून पैसे भरण्याचे शुल्क हे उघडच अटळ. पण एखादा तरी मार्ग विनाशुल्क ठेवला, की बाकीच्या मार्गांवरचे शुल्क ऐच्छिक ठरते : तुम्ही ते कार्ड वापरले नाही ही तुमची निवड! जाहिरातीतले १२ पौंड १२च राहतात. ही फट उघडी राहावी यासाठी विनाशुल्क कार्ड अस्तित्वात असणे आवश्यक होते आणि ते फारसे कोणाकडे नसणेही तितकेच आवश्यक होते. इलेक्ट्रॉन जास्त हातांत पोहोचले, तेव्हा दार दुसऱ्या भिंतीत हलवले गेले. ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या ग्राहकहिताच्या सरकारी यंत्रणेचे तत्कालीन प्रमुख जॉन फिंगल्टन यांनी २००९च्या अखेरीस या प्रकारावर टीका करताना म्हटले होते, की यात कायद्याचे अक्षर पाळले जाते, आत्मा मात्र बाहेर राहतो आणि ग्राहकाला जणू वाकुल्या दाखवल्या जातात.

मी मात्र त्या वेळी वाकुल्या मोजत नव्हतो, मी ४० पौंड मोजत होतो. प्रीपेड कार्ड विकणाऱ्या कंपन्या तेव्हा बऱ्याच होत्या. कार्ड घेण्याचे शुल्क साधारण दहा पौंड असे. ते कुठल्या तरी सवलतीत माफ होई, पण त्यासाठी ठरावीक रक्कम आधी भरावी लागे. मी एक कार्ड मागवले. आठवड्याभरात ते टपालाने आले, पिन वेगळ्या पाकिटातून दोन दिवसांनी आला. कार्ड निळसर, हलके, नेहमीच्या कार्डांवर असतात तशी उठावाची अक्षरे नसलेले. डाव्या कोपऱ्यात माझे आडनाव चुकीच्या जागी तोडून छापलेले होते.

खरी कसरत पुढेच होती. या कार्डावर उधारी नसते, म्हणून एक पेनी जरी कमी पडली तरी व्यवहार नाकारला जातो. जास्तीचे पैसे भरले तर ते अडकून पडतात. म्हणून तिकिटाची बेरीज आधी पक्की करायची, तेवढी रक्कम बँकेतून कार्डावर चढवायची, ती तिथे दिसेपर्यंत थांबायचे आणि मग तिकीट काढायचे, असा क्रम. पण शुक्रवारी रात्री पाठवलेले पैसे सोमवारी दिसत आणि तोवर भाडे तेच राहील याची हमी कोणी देत नसे. पहिल्या खेपेस भाडे माणशी दोन पौंडांनी वाढले आणि कार्ड नाकारले गेले. मी आणखी पैसे चढवले, तोवर ते पुन्हा उतरून मूळ पदावर आले. अखेर तिकिटे ८८ पौंडांनाच मिळाली आणि कार्डावर ९ पौंड ३७ पेन्स शिल्लक राहिले. आठ पौंडांची मोडतोड सहज झाली. उरलेले १ पौंड ३७ पेन्स सौ.ने एका सुपरमार्केटच्या गल्ल्यावर खर्च केले. तिथल्या बाईंना तिने आधी सांगितले, की या कार्डातून एवढेच घ्या आणि बाकीचे रोख. बाईंनी काही न विचारता तसे केले. मागच्या रांगेतला एक गृहस्थ मात्र कुतूहलाने वाकून पाहत होता.

कार्ड असे शून्यावर आणल्यामागे कारण होते. काही महिने न वापरल्यास दरमहा शुल्क कापले जाईल, असे त्या अटींच्या पत्रकात लिहिले होते. शून्यातून कोण काय कापणार, या विचाराने आम्ही निर्धास्त झालो, आणि फेब्रुवारीत घर आवरताना मी ते कार्ड स्वयंपाकघरातल्या कात्रीने आडवे-उभे कापून चार तुकडे केले. बँकेची जुनी कार्डे अशीच टाकतात, हे मला ठाऊक होते.

आमचे उड्डाण गुरुवार, १५ एप्रिल २०१०चे होते. त्याच दिवशी दुपारी आइसलँडच्या एयाफ्यातलायोकुतल ज्वालामुखीच्या राखेमुळे ब्रिटनचे आकाश विमानांसाठी बंद करण्यात आले आणि ते जवळजवळ आठवडाभर बंदच राहिले. हॉलमध्ये भरलेल्या बॅगा उभ्या होत्या. प्रवासासाठी केलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही घरातच तीन दिवस खाल्ली. रेडिंगवरून हीथ्रोची विमाने सतत जात, त्यामुळे ते रिकामे, पांढऱ्या रेघांवाचूनचे आकाश पाहायला लोक दाराबाहेर येऊन उभे राहत. त्या सहलीसाठी आम्ही दोघांनी माणशी ६० युरो भरून शेंगेन व्हिसा काढला होता, त्याचे काय ते बोलूच नये. भारतीय पासपोर्टवाल्यांना स्वस्त विमानांच्या बाबतीत आणखीही एक काम असे : घरून छापून आणलेला बोर्डिंग पास चालत असला, तरी सुरक्षा तपासणीपूर्वी काउंटरवर जाऊन त्यावर व्हिसा तपासल्याचा शिक्का मारून घ्यावा लागे. बाकीचे प्रवासी थेट आत आणि आपण रांगेत! त्या खेपेस ती रांगही वाट्याला आली नाही.

युरोपीय नियमांनुसार रद्द झालेल्या उड्डाणाचे पैसे परत मिळतात आणि ते मिळालेही. विमान कंपनीचा ईमेल आला, की ८८ पौंड ज्या कार्डाने भरले होते त्याच कार्डावर जमा करण्यात येत आहेत. मी तो ईमेल दोनदा वाचला. मग सौ.ला वाचून दाखवला. तिने कात्री ठेवलेल्या खणाकडे पाहिले आणि काहीच बोलली नाही.

पुढचे तीन आठवडे मी कार्ड कंपनीच्या मदत क्रमांकाशी संबंध ठेवून होतो. त्या क्रमांकाला मिनिटाला दहा पेन्स पडत आणि एकेका वेळी पंधरा-वीस मिनिटे संगीत ऐकावे लागे. त्यांच्या लेखी माझे कार्ड चालू होते, त्यावर पैसेही आले होते, पण कार्डाचा क्रमांक मला सांगता येत नव्हता, कारण तो चार तुकड्यांत रेडिंगच्या कचऱ्यात गेला होता. अखेर ओळख पटली. पैसे माझ्या बँकेच्या खात्यात वळवून हवे असतील तर दहा पौंड, आणि नवे कार्ड हवे असेल तर सहा पौंड, असे दोन पर्याय समोर आले. मी सहाचा घेतला. नवे कार्ड आले, मग पिन आला, मग मी एटीएमवर गेलो. ८८तून सहा जाऊन ८२ उरले होते. यंत्र दहा आणि वीसच्याच नोटा देई, म्हणून ८० काढले. काढण्याचे दीड पौंड शुल्क लागले. कार्डावर ५० पेन्स राहिले. महिनाअखेरीस फोनचे बिल आले, त्यात त्या क्रमांकाचे सुमारे सात पौंड होते. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," असे तेव्हा सौ. म्हणाली, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

गंमत सोडली, तरी प्रीपेड कार्डाने तिकीट काढण्यात एक खरा धोका होता, ज्याकडे आम्ही चाळीस पौंडांच्या नादात पाहिलेच नाही. ब्रिटनच्या १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टमधील कलम ७५ नुसार, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेली वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली, की विक्रेत्याच्या बरोबरीने कार्ड देणारी बँकही जबाबदार धरली जाते. विमान कंपनी बुडाली तर पैसे बँकेकडे मागता येतात. हे संरक्षण डेबिट कार्डाला नाही आणि प्रीपेडलाही नाही. त्यांना फक्त व्हिसा, मास्टरकार्ड अशा कार्ड संस्थांच्या अंतर्गत नियमांनुसार पैसे परत मागण्याची वाट उरते. आमची बारा पौंडांची तिकिटे या कलमाच्या मर्यादेत मुळातच आली नसती हे खरे. पण याच कार्डांनी लोक तीनशे-चारशे पौंडांची तिकिटेही काढत होते, आणि तेही एडिंबराची फ्लायग्लोबस्पॅन ही विमान कंपनी डिसेंबर २००९मध्ये, ऐन नाताळाच्या तोंडावर, बंद पडल्यानंतर. शिवाय प्रीपेड कार्डावरची शिल्लक ही बँकेतली ठेव मानली जात नाही, त्यामुळे ठेव विम्याचे छत्र तिच्यावर नसते. रक्कम वेगळी सांभाळून ठेवण्याचे बंधन कंपनीवर असते, पण अडचण आली की ती हाती येईपर्यंत वाट पाहावी लागते. जून २०२०मध्ये जर्मनीची वायरकार्ड ही पेमेंट कंपनी कोसळली, तेव्हा तिच्या ब्रिटनमधील शाखेचे व्यवहार नियामकाने काही दिवस गोठवले आणि तिच्यावर चालणारी अनेक प्रीपेड कार्डे त्या दिवसांत निरुपयोगी झाली. काहींचा तर पगारच त्या कार्डांवर येत असे.

मास्टरकार्डाचे ते दारही फार काळ जागेवर राहिले नाही. आमच्यासारखे पुष्कळ लोक त्यातून जाऊ लागले होते. २०११च्या अखेरीस रायनएअरने स्वतःच्या नावाचे कॅश पासपोर्ट हे प्रीपेड कार्ड काढले आणि ब्रिटनमधील ग्राहकांसाठी शुल्कमाफी त्या एका कार्डापुरतीच ठेवली. शुल्कही तोवर सहा पौंडांवर गेले होते. म्हणजे शुल्क टाळण्यासाठी आता त्याच कंपनीचे कार्ड घ्यायचे! इथे मी थांबलो. मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये विच? या ग्राहक संघटनेने कार्ड अधिभारांविरुद्ध सुपर-कम्प्लेंट, म्हणजे अधिकृत संघटनांनाच करता येणारी आणि ठरावीक मुदतीत उत्तर द्यावेच लागेल अशी तक्रार, दाखल केली होती. जुलै २०१२मध्ये रायनएअर, इझीजेट, विझ एअर यांच्यासह बारा विमान कंपन्यांनी डेबिट कार्डाचे शुल्क जाहीर किमतीतच धरण्याचे मान्य केले. एप्रिल २०१३पासून ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष खर्चाहून अधिक अधिभार घेण्यास कायद्याने बंदी आली आणि १३ जानेवारी २०१८पासून ग्राहकांच्या नेहमीच्या कार्डांवरचा अधिभारच युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये बंद झाला. ते पैसे भाड्यात मिसळले गेले असणार, याविषयी मला शंका नाही. पण १२ पौंडांचे तिकीट १७चे असेल, तर ते पहिल्या पानावरच १७चे दिसते आणि दोन कंपन्यांची तुलना शेवटच्या पानापर्यंत न जाता करता येते.

भारतात परतल्यावर मला सोयशुल्क (कन्व्हिनियन्स फी) भेटले. आपल्याकडे विमान कंपन्या ते संकेतस्थळावरील तिकिटांवर प्रत्येक प्रवाशामागे आणि प्रत्येक टप्प्यामागे घेतात, म्हणजे तो जुना गुणाकार इथे सुखरूप आहे. या बाबतीत आपली रेल्वे मला अधिक सरळ वाटते. आयआरसीटीसी यूपीआयने पैसे भरल्यास बिगर-वातानुकूलित तिकिटाला १० आणि वातानुकूलितला २० रुपये, इतर मार्गांनी भरल्यास १५ आणि ३० रुपये, अधिक जीएसटी, असे शुल्क लावते. ते तिकिटाला लागते, माणसाला नाही. एका तिकिटावर सहा जण असले तरी एकदाच. व्यवहार एक तर शुल्कही एक, एवढेच माझे रेडिंगपासूनचे म्हणणे होते.

भाचीला मी शेवटी जे सांगितले, ते यापेक्षा पुष्कळच थोडे. फॉरेक्स कार्ड युरोंचे आहे, तर भाडेही युरोंतच भरायचे. संकेतस्थळ "तुमच्या कार्डाच्या चलनात, रुपयांत भरता का?" असे सौजन्याने विचारील, तेव्हा नाही म्हणायचे, कारण तो दर त्यांचा असतो. तिथल्या बँकेचे डेबिट कार्ड असेल तर ते वापरायला काहीच हरकत नाही. आणि ज्या कार्डाने तिकीट काढले ते प्रवास पुरा होऊन घरी परत येईपर्यंत, शिल्लक शून्य असली तरीही, जपून ठेवायचे.

तिने तिकिटे जर्मन बँकेच्या कार्डानेच काढली. फॉरेक्स कार्डावर अजून ११ युरो आहेत आणि ते तिच्या टेबलाच्या खणात, कात्रीपासून दूर ठेवले आहे, असे तिने परवा कळवले.